सोमनूरचा संगम आणि सप्लायरचा बकरा

गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या बसस्थानकासमोरच्या टपरीवर वाळूचा सप्लायर पेपर नाचवतच आला. "घ्या! गोदावरीवरचं इंचमपल्लीचं धरण परत निघालं. ९७५ मेगावॅट! आता सिरोंचा झगमगते."

"मेडिगड्ड्याच्या बॅरेजच्या वेळी बी हेच म्हणत होता तू," अण्णा म्हणाला. "८५ दरवाजे मोजून सांगत होता. ते वीज बनवत नाही बे, खाते. आपल्या उशाशी पाणी अडवलं आन् पंपानं वर चढवलं तिकडं तेलंगणात. २०२३ ला खांब खचले तवा तू कुठं होता?"

"ते बॅरेज, हे हायड्रो. फरक समजत नाही तुला."

"बुडालेल्या वावराला फरक समजत नाही."

सगळे गप्प झाले. २०२२ च्या जुलैच्या पुरात अण्णाचं वावर गेलं, हे टपरीवर सगळ्यांनाच माहीत आहे.

मास्तरांनी मग इंग्रजांपासून सुरुवात केली. अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं इथंच होतं. समुद्रापासून वर बोटी आणायच्या होत्या, पण दुम्मागुडम, इंचमपल्ली, देवलमरी, तिन्ही ठिकाणी खडक आडवा. शेवटी काम सोडून दिलं.

"मग गोदावरीच्या पाणीवाटपाचा १९८० चा लवाद. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, आंध्र, तिघांचं धरण. बुडीत मात्र जास्त आपलं आन् बस्तरचं."

"आमट्यांनी अडवला विकास," सप्लायर पुटपुटला. वाळूचे दोन ट्रक घेतल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडातून सुटत नाही.

इथं मला राहवलं नाही. उन्हाळ्यात सोमनूरला वाळूत उभं राहावं. इंद्रावती येऊन गोदावरीत शिरते, एका काठाला छत्तीसगड, दुसऱ्याला तेलंगण. १९८४ ला बाबा आमटे, आदिवासी नेते लाल श्यामशहा आणि माडिया आदिवासी माणसं 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत उभी राहिली, इंद्रावतीवरचं भोपालपट्टणमचं धरण थांबलं, म्हणून ते जंगल आज आहे. मी हे जरा जोरातच बोललो.

"त्याला काय जंगलाचं सांगता जी," अण्णा म्हणाला. "पूल नव्हता तवा लग्नाला पलीकडं चालला होता. मधात डोंगा कलला, तर रडत गंगामायला नवसाचा बकरा बोलला. अजून दिला नाही. पहिले तिचा बकरा दे, मग तिला अडव!"

टपरीवाल्याच्या हातातली गाळणी हसता हसता खाली पडली.

"बकरा नाही, कोंबडा बोललो होतो," सप्लायर म्हणाला.

"बकरा! मी वल्हं धरून होतो!"

इंचमपल्ली तिथंच राहिलं. चहा गार होईस्तोवर बकरा की कोंबडा, हेच चाललं.