चकलीचा पहिला घाणा

चार चकल्या कढईत सोडल्या आणि मिनिटभरात तेलावर नुसता भुगा तरंगायला लागला. मागे खुर्चीवर बसलेल्या आईने जागेवरूनच विचारलं, "मोहन किती घातलंस रे?"

अर्धी वाटी. २ वाट्या भाजणीला. खुसखुशीत व्हायला हवी ना, म्हणून हात जरा सैल सोडला होता. अनारसा असा तेलात विरघळला तर 'हसला' म्हणतात. चकलीला तेवढंही कौतुक नाही. माझी लेक मात्र मनसोक्त हसली.

दिवाळी नव्हती, पाहुणे नव्हते. आईच्या मनगटांनी सोऱ्या सोडला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आमच्याकडे चकली पाकिटातून येते आणि लेकीला वाटतं, चकली म्हणजे तीच. ते मला एकदम सहन होईनासं झालं, बस.

"तुझ्या हातची चव कुठून आणू?" असं मी आईला म्हणालो, तर ती चक्क वैतागली. "हाताला कसली डोंबलाची चव! भाजणी आणि आच सांभाळ."

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. 'आईच्या हाताला चव होती' हे आपण किती सहज म्हणून मोकळे होतो! सुताराच्या, गवंड्याच्या कामाला कसब म्हणतो. आईच्या कामाला मात्र माया. चव खरंच हातात असती, तर त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून तिने माझा घाणा सुधारला कसा?

भाजणीचंच बघा. तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २, उडदाची १, मुगाची अर्धी, वर धणे-जिरे. एवढं मलाही पाठ होतं. पण प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण जिरं तडतडून करपून जातं तेव्हा हरभऱ्याची डाळ जेमतेम तापलेली असते. धुतलेले तांदूळ सावलीत वाळवायचे, आणि उडीद डाळीत हात आखडायचा नाही, कारण पिठाला चिकटपणा तीच देते. हे सगळं ती दरवर्षी करायची आणि आम्ही डबा उघडून 'हाताची चव' खायचो.

मोहन जास्त झालं त्यावर तिचा उपाय सरळ होता. आणखी थोडी भाजणी घे, तिला मोहन नको, नुसत्या कोमट पाण्यात भिजवून आधीच्या पिठात मळ. मग पिठाची बारकी गोळी तेलात टाकून बघ. तळाशी जाऊन लगेच वर आली, तर सोड चकली आणि आच कमी कर.

दुसऱ्या घाण्याला ती कढईकडे बघतही नव्हती. पेपर वाचता वाचता म्हणाली, "आवाज बसला. काढ."

तो आवाज पिठातल्या पाण्याचा. तेल १७०-१८० अंशांवर असतं, पाण्याची १०० लाच वाफ होते आणि बुडबुडे काढत बाहेर पडते. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. ते जास्त करून मुरतं चकली बाहेर काढल्यावर, निवताना. म्हणून आई चकल्या झाऱ्यावर नीट निथळून चाळणीत उभ्या लावायची. मला वाटायचं, दिसायला छान म्हणून!

(एअर फ्रायरवाल्यांनो, तुमच्या चकल्या मी खाल्ल्यात. माझ्या तोंडून काही वदवून घेऊ नका.)

निवल्यावर आईने एक चकली मोडली, डोळ्याजवळ नेली आणि आत बघितलं. "नळी पडलीय. काटेही बरे आलेत. मीठ कमी आहे." अर्धी तिने खाल्ली, अर्धी नातीपुढे धरली.

नात मात्र वाटी घेऊन बसली होती. पहिल्या घाण्याचा भुगा तिने दह्यात कालवून संपवत आणला होता.