तांबडं पाणी कुठून आलं? पावडर कोटिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे आणि प्रतिक्रियेत तपशीलही भरपूर आहेत, त्यामुळे दोन ओळींत उरकत नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांची क्रोमोलीची (एक मिश्र स्टील) टूरिंग सायकलची फ्रेम. इथला माझा लेख वाचून ती एप्रिलमध्ये एका गाळ्यावर पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी पूड विद्युतभाराने चिकटवून भट्टीत वितळवतात ते काम) दिली. सप्टेंबरपर्यंत बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या आसाचं बेअरिंग बसतं ती जागा) आसपास आणि चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला फोड आले. नख लावलं तर पापुद्रा सुटला आणि खाली लोखंड 'ताटासारखं गुळगुळीत' निघालं. चेनस्टेच्या टोकाजवळच्या बारीक भोकातून तांबडं पाणी ओघळलं. बीबी कशीबशी बसली, कॅरियरचा एक बोल्ट तुटला. यावरून त्यांचा निष्कर्ष असा: पावडर मुंबईच्या हवेत टिकत नाही, भट्टीने फ्रेम कमजोर होते, वजन वाढतं, त्यापेक्षा स्प्रेचा रंग बरा होता.

आधी माझ्या चुकीचं. मूळ लेखात 'सेव्हन टँक प्रोसेस करणारा गाळा शोधा', म्हणजे पावडरच्या आधी लोखंड सात टाक्यांत बुडवून साफ करणारा, असं वाक्य होतं. ते ग्रील, कपाट, इलेक्ट्रिक पॅनलला योग्य, सायकलच्या फ्रेमला चुकीचं. तुम्ही ते पाळलंत आणि त्याचाच फटका तुम्हाला बसला. तुमच्या वर्णनातली दोन वाक्यं ते सांगतात.

पहिलं वाक्य तांबड्या पाण्याचं. सात टाक्यांमधली एक गंज काढण्यासाठी आम्लाची असते. सपाट पत्रा त्यात बुडवला, पुढच्या टाकीत धुतला, झालं. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. आम्ल बीबीच्या शेलमधून आणि सीट ट्यूबच्या तोंडातून भसकन आत शिरतं आणि चेनस्टेच्या बंद टोकाला जाऊन बसतं. बाहेर पडायला तिथे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं भोक, तेसुद्धा सहसा वेल्डिंगच्या वेळी हवा निघावी म्हणून ठेवलेलं. पुढच्या टाक्यांतल्या पाण्याने आतली बाजू धुतली जात नाही. भट्टीत पाणी उडून जातं, पण आम्ल आणि लोखंडापासून बनलेले क्षार नळीत राहतात. ते ओलावा ओढणारे असतात. जुलैतल्या मुंबईच्या हवेत त्यांना पाऊस लागायचीही गरज नाही. सायकल घरात उभी असली तरी आत ओल धरते, मग गंजाचं पाणी झिरपतं, आणि जिथे जिथे सांधा किंवा भोक आहे तिथून कोटिंगच्या खाली शिरतं. बीबी, बाटलीच्या स्टँडचे बॉस (बोल्ट बसायची आट्यांची भोकं), चेनस्टेची टोकं, म्हणजे तुमचे फोड नेमके जिथे आहेत तिथे.

दुसरं वाक्य 'ताटासारखं गुळगुळीत'. पापुद्र्याखालचा धातू नीट बघितला की कारण बहुधा सापडतं. नीट ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने वाळूसारखे कण मारून साफ करणं) झालेलं लोखंड खरखरीत आणि निस्तेज दिसतं. फॉस्फेटिंग (टाकीत धातूवर चढवलेला फॉस्फेटचा पातळ थर) नीट झालं असेल तर राखाडी दिसतं. तुमचं चकचकीत आहे, म्हणजे ब्लास्टिंग झालंच नाही आणि फॉस्फेटचा थरही नावापुरताच चढला. पावडर वितळून धातूवर बसते ती त्या खरखरीतपणात पाय रोवून. तो नसला की तिची नुसती सालच. पापुद्रा उलटा करून त्याची आतली बाजूही बघा. सांध्या-भोकांपासून लांबही ती तांबूस असेल तर गंज बहुधा कोटिंगच्या आधीपासून होता. स्वच्छ असेल तर पकडच नव्हती.

आता तुमचे मुद्दे.

उष्णतेचा मुद्दा क्रोमोलीला लागू नाही. पॉलिएस्टर पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटांत पक्की होते. चांदीच्या ब्रेझिंगचा (दुसरा धातू वितळवून नळ्या जोडण्याचा) सांधासुद्धा ६०० अंशांच्या वर गेल्याशिवाय सुटत नाही, पितळेचा तर त्याच्याही बराच वर. अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. ६०६१-टी६ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला ताकद येते तीच साधारण १७५ अंशांना काही तास ठेवून. त्यामुळे २०० अंशांची २० मिनिटं ती सहन करते, पण गेटच्या जाड पाइपांबरोबर २२०-२३० अंशांत तासभर राहिली तर मऊ पडते. कार्बनचा फोर्क किंवा गोंदाने जोडलेल्या नळ्या असतील तर भट्टीचं नावही काढू नका.

वजनाचं गणित सोपं आहे. फ्रेम आणि फोर्क मिळून पृष्ठभाग अंदाजे साडेतीन चौरस फूट धरा, म्हणजे साधारण ०.३३ चौरस मीटर. १०० मायक्रॉनचा थर धरला तर पावडर ५० ग्रॅमच्या आसपास, प्रायमरसकट शंभराच्या आसपास. पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या बॅगा) लावून कोकणात उतरणाऱ्या सायकलला हा विषयच नाही.

आट्यांचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि लेखात मी त्याला एका ओळीत गुंडाळलं होतं. ६० अंश कोनाच्या आट्यावर जितका थर बसतो, त्याच्या चौपट त्याचा पिच व्यास (आट्याच्या मध्यावर मोजलेला व्यास) आवळतो. ८० मायक्रॉन म्हणजे ०.३२ मिलिमीटर. कॅरियरचा एम५ (५ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट ०.८ मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं. त्यात इतकं आवळल्यावर बोल्ट जातच नाही, आणि जोर लावला की तुटतो. बीबीचे २४ टीपीआयचे (इंचाला २४) आटेही तसेच. म्हणून द्यायच्या आधी बीबीत जुने कप फिरवून ठेवा किंवा सिलिकॉनची बुचं लावा, सगळ्या बॉसमध्ये जुने एम५ स्क्रू घाला. हेडट्यूबची (हँडलखालच्या पुढच्या नळीची) आतली बाजू आणि दोन्ही कडा, सीट ट्यूबचा आतला भाग, कँटिलिव्हर ब्रेकचे खुंट, डिस्क ब्रेकची बैठक, ड्रॉपआउटच्या (चाकाचा आस बसतो त्या खाचांच्या) आतल्या-बाहेरच्या बाजू या सगळ्यांना उष्णता सोसणारी हिरवी पॉलिएस्टर टेप लावायची. साधी मास्किंग टेप भट्टीत जळते आणि तिचा डिंक धातूला चिकटून राहतो. ड्रॉपआउटवर पावडर राहिली तर क्विक रिलीजच्या (चाक आवळणाऱ्या खटक्याच्या) दाबाखाली ती हळूहळू चेपते आणि चढावर चाक तिरकं होतं. हेडसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) कपाचंही तसंच, महिन्याभरात बेअरिंग सैल वाटायला लागतं आणि दोष बेअरिंगला जातो. मास्किंग स्वतः करा. कारागिराला सायकलची कुठली बाजू काम करते आणि कुठली नुसती दिसते, हे माहीत असायचं कारण नाही.

मास्किंग करूनही एम५चा टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार) प्रत्येक भोकातून एकदा फिरवा. बीबीचा टॅप फिरवताना उजवी बाजू उलट्या आट्यांची, हे विसरू नका.

स्प्रेच्या रंगाबद्दल तुमचं अर्धं पटतं. टू-के पीयूला (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) खरवडा पडला तर तिथल्या तिथे घासून, प्रायमर मारून बुजवता येतो. पावडरवर तसं बेमालूम ठिगळ बसत नाही, आणि टवका उडालेल्या जागेतून शिरलेला गंज जाड थराखाली गुपचूप पसरतो. दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर खारे तुषार बसतात, तिथे हा फरक पडतो. पण पावसाळ्यात उघड्या शटरच्या गाळ्यात पीयू मारला तर हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच लागतो, त्यातून वायू सुटतो आणि रंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. पीयू मारायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, खाली इपॉक्सी प्रायमर, आणि मारणाऱ्याच्या तोंडाला रुमाल नव्हे, कार्ट्रिजचा मास्क. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचं नडू शकतं. स्प्रे कॅनचा रंग मात्र टूरिंगला धरूच नका, कॅरियरच्या पट्ट्या पहिल्याच आठवड्यात तो खाऊन टाकतात.

पुन्हा पावडरच करायची ठरवलीत, तर आधी नळ्यांतलं आम्ल मारा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, बीबीतून आत ओता, भोकं बोटांनी दाबून फ्रेम हलवा, ओता, पुन्हा करा. मग साधं पाणी, ते स्वच्छ निघेपर्यंत. नंतर कॉम्प्रेसरची हवा आणि दोन दिवस कडक ऊन.

जुनी पावडर पेंट रिमूव्हरने मऊ करून खरवडा. नुसत्या ब्लास्टिंगने काढायला गेलं तर रबरासारखा थर नोझलला दाद देत नाही, माणूस एका जागी धरून ठेवतो, आणि शेजारची उघडी नळी खरवडली जाते. बटेड (टोकांना जाड, मधे पातळ) नळी मधोमध अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तिला ८० ते १२० मेशचं (बारीक दाण्याचं) अॅल्युमिनियम ऑक्साईड, हवेचा दाब ४०-५० पीएसआय आणि सतत हलतं नोझल पुरे. साकीनाका काय, वसई काय, गेट-ग्रील करणारा जाड ग्रिट आणि पूर्ण दाब लावतो. त्याच्या समोर उभं राहावं लागतं.

ब्लास्टिंगनंतर फ्रेमला उघड्या हाताने शिवू नका, घामाच्या बोटांचे ठसे कोटिंगखाली गंजतात. मुंबईत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस झाक आलेली असते, म्हणून ब्लास्टिंग आणि प्रायमर एकाच दिवशी. मधे, काही न मारता, २०० अंशांच्या थोडं वर अर्धा तास फ्रेम रिकामीच भाजायला हवी. सांध्यांतलं तेल, फ्लक्स, ओल जे काही आहे ते तेव्हाच बाहेर पडू दे, नाहीतर वरच्या थरात बुडबुडे येतात.

प्रायमर झिंकवाला इपॉक्सी पावडरचा, तो अर्धकच्चा ठेवून त्यावर रंग. प्रायमर पूर्ण भाजला की वरचा थर सुटायची शक्यता वाढते. रंगाची पावडर 'प्युअर पॉलिएस्टर' हवी. घरातल्या फर्निचरची इपॉक्सी-पॉलिएस्टर पावडर उन्हात खडूसारखी पांढरट पडते. बीबीच्या मागचा, दोन चेनस्टेंमधला कोपरा सगळ्यात आधी मारायला सांगा. तिथे विद्युतभारित पावडर आत शिरत नाही, कडांवरच चिकटते, आणि चिखल नेमका तिथेच बसतो. भट्टीची वेळ धातू तापल्यापासून मोजायची, दार लावल्यापासून नव्हे. जाड ड्रॉपआउट पातळ नळीच्या मागून तापतात. पक्की झाली की नाही ते बीबीखाली अॅसिटोनच्या बोळ्याने २०-२५ वेळा घासून कळतं, रंग बोळ्यावर भरभरून आला तर परत भट्टीत.

शेवटी नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल घाला, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या, दोन दिवस तशीच ठेवा. बीबीच्या तळाला भोक नसेल तर पाडून घ्या. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच टाका.

मूळ लेखातली टाक्यांची ओळ आज काढली आणि तिथे या उत्तराचा दुवा दिला.

आणि हे सगळं करण्याआधी, आजच, चेनस्टेच्या खालच्या बाजूला जिथून पाणी आलं तिथे दाभण टेकवून जोराने दाबून पाहा. सोड्याचं पाणी, ब्लास्टिंग, पावडर यांचा विचार दाभण आत न गेलं तरच. गेलं, तर फ्रेम रंगाऱ्याकडे नाही, ब्रेझिंग करणाऱ्याकडे न्यायची आहे.