फरागो म्हणजे खोटं नव्हे

काल भाचीने तिचा इंग्रजी निबंध वाचायला पाठवला. त्यात एका पुढाऱ्याबद्दल लिहिलं होतं, ‘ही इज अ फरागो.’ फोन करून विचारलं, काय म्हणायचंय गं तुला? म्हणाली, ‘खोटारडा आहे तो, मामा.’

चूक तिची एकटीची नाही. मे 2017 मध्ये शशी थरूर यांनी टीव्हीवरच्या आरोपांना ट्विटरवरून उत्तर देताना हा शब्द वापरला आणि सगळे डिक्शनऱ्या उघडून बसले. त्या वाक्यात फरागोपुढे विपर्यास, दिशाभूल आणि धडधडीत खोटं असे तीन जिन्नस होते. लोकांच्या डोक्यात राहिलं फक्त खोटं, आणि ते फरागोच्या माथी बसलं.

फरागो म्हणजे नुसती सरमिसळ. कशाची, ते पुढच्या ‘ऑफ’नंतर कळतं. त्यामुळे माणूस फरागो होत नाही, त्याचं भाषण होऊ शकतं. आणि एकच थाप कितीही मोठी असली तरी ती थापच. फरागो व्हायला निदान दोन-तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात.

मला खरी गंमत वाटते ती या शब्दाच्या जन्माची. ऐकायला केवढा भारदस्त, आणि आलाय थेट गोठ्यातून! लॅटिनमध्ये ‘फार’ म्हणजे एक जुन्या जातीचा गहू. त्यावरून फरागो म्हणजे गुरांचा मिश्र चारा. व्हॅरो नावाच्या रोमन पंडिताने शेतीवर लिहिताना सांगितलंय की, सातू आणि कडधान्यं एकत्र पेरून हिरवीच कापायची आणि जनावरांना घालायची. पुढे जुव्हेनल या कवीने आपल्या उपहासकवितांच्या पुस्तकात काय काय भरलंय हे सांगताना हाच शब्द वापरला. चारा वाङ्मयात शिरला तो असा.

मराठीत याला सर्रास ‘खिचडी’ म्हणतात. मला ते पटत नाही. खिचडीत डाळ-तांदळाचं प्रमाण ठरलेलं असतं, वर तुपाची धार असते. उगाच चांगल्या पदार्थाची बदनामी! मला आठवतं ते आजीचं आंबोण. कोंडा, पेंड, भिजवलेली सरकी, उरलेली पेज, भाजीची देठं, सगळं एका घमेल्यात. दिसायला गिचमीड, पण म्हैस घमेलं चाटूनपुसून साफ करायची.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येतं ते मात्र अस्सल फरागो. तुकोबांनी कधीच न लिहिलेला अभंग, नासाचा शोध, हळदीचे फायदे आणि शेवटी ‘अकरा जणांना पाठवा’.

उच्चारात जोर ‘रा’वर द्या, नाहीतर ऐकणाऱ्याला अमेरिकेतलं फार्गो शहर वाटेल. भाचीने वाक्य बदललंय. आता पुढाऱ्याचं भाषण फरागो आहे, पुढारी सुटला.

आणि हो, आंबोणाला तुमच्या गावाकडे काय म्हणतात? कमेंटमध्ये लिहा, मला असे शब्द जमवायचेत.