‘झोपेत हातपाय झाडतो, स्वप्न पडलं असेल’ : त्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: वाढत्या वयाची मुलं झोपेत किंचाळतात, हातपाय झाडतात, ती स्वप्नं असतात, वयाबरोबर जातात. खरी फिट असेल तर शुद्ध हरपतेच आणि तोंडाला फेस येतोच. तरी शंका वाटली तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) काढा, तो नॉर्मल आला की विषय संपला. नुसत्या झोपेत येणाऱ्या फिटने धोका नसतो. आणि शेवटी, उगाच डॉक्टरकडे नेऊन मुलीच्या नावावर शिक्का मारून घेऊ नका.

मी ईईजी काढण्याचं काम करते. हा मेसेज वाचून वर्ष-वर्ष थांबलेली घरं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘ती स्वप्नं असतात.’ काही वेळा हे अर्धं खरं असतं. लहान मूल रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, गाढ झोपेत, अचानक किंचाळत उठतं, आईलाही ओळखत नाही, काही मिनिटं समजूत पटत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसतं. ही झोपेतली भीती. ती बहुधा रात्रीतून एकदाच येते, दर वेळी थोडी वेगळी दिसते आणि बहुतेक मुलांत किशोरवयापर्यंत ओसरते. पण मेंदूच्या पुढच्या भागातून उठणारे झोपेतले झटके याहून वेगळे असतात. ते एकदम सुरू होतात, एकदम थांबतात, बरेचदा मिनिटभरही टिकत नाहीत. एका रात्रीत अनेकदा येऊ शकतात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे दर वेळी तेच: तोच हात वर जातो, तसेच पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, तसाच आवाज निघतो. बहुतेकदा हे विशीच्या आत, पुष्कळदा किशोरवयात सुरू होतं, म्हणजे झोपेतली भीती जायच्या वयात. चौदा-पंधराव्या वर्षी नव्याने सुरू झालेल्या अशा प्रकाराला ‘वयाबरोबर जाईल’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. झोप लागता लागता एखादा दचका बसणं मात्र सगळ्यांनाच होतं, त्याची काळजी नको.

‘शुद्ध हरपतेच.’ नाही. वर सांगितलेल्या झटक्यांत कित्येक मुलांना सगळं कळत असतं, फक्त अंग ताब्यात नसतं. ‘मला ऐकू येत होतं’ असं मूल म्हणालं की घरचे त्याला नाटकी ठरवतात, आणि याचा मला फार त्रास होतो. रोलँडिक अपस्मारात (अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार, त्याचा हा लहान मुलांमधला एक प्रकार) तर सात-आठ वर्षांचं मूल झोपेतून उठून आईकडे येतं. तोंड एका बाजूला वाकडं, लाळ गळते आहे, बोलायला जातं पण शब्द फुटत नाही. शुद्ध पूर्ण असते. आणखी एक प्रकार झोपेतून उठल्यावर दिसतो: अभ्यासासाठी जागरण झालं की सकाळी हाताला हिसका बसून ब्रश किंवा चहाचा कप उडतो. घरात त्याला धांदरटपणा म्हणतात.

मोठी फिट झोपेत येऊन गेली तर पाहायला कोणी नसतं. तिच्या खुणा सकाळी सापडतात: जिभेची कड चावलेली, उशीवर रक्ताचा डाग, मोठ्या मुलाचं अंथरूण ओलं, अंग ठेचल्यासारखं दुखतंय.

‘ईईजी नॉर्मल, विषय संपला.’ माझ्या कामाच्या जिवावर लोक हे सांगतात, म्हणून स्पष्टच लिहिते. अपस्मार असलेल्या साधारण निम्म्या रुग्णांतच पहिल्या साध्या ईईजीत दोष दिसतो. रोलँडिक प्रकारातल्या लहरी झोपेत कितीतरी वाढतात, जाग्या मुलाच्या अर्ध्या तासाच्या नोंदीत त्या निसटू शकतात. म्हणून आम्ही जागरण करून, केस धुवून, तेल न लावता या असं सांगतो. पुढच्या भागातला झटका खोलवर उगम पावत असेल, तर चालू झटक्यातही डोक्यावरच्या इलेक्ट्रोडना काही पकडता येत नाही, वर हालचालींनी नोंद बिघडते. इटलीतल्या बोलोन्या इथल्या डॉक्टरांनी १९८१मध्ये असे रुग्ण मांडले, तेव्हा ईईजी स्वच्छ असल्यामुळे हा अपस्मार की झोपेचा विकार यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. १९९५मध्ये एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात याच आजाराचा जनुकदोष सापडला. आजही निदानाचा पाया म्हणजे नीट सांगितलेली हकीगत आणि मोबाइलवरचा व्हिडिओ. दिवा लावा, पांघरूण बाजूला करा, पूर्ण शरीर दिसू द्या, आणि झटका थांबल्यावरही थोडा वेळ चित्रण चालू ठेवा, मुलाला नाव विचारा. गरज असेल तिथे रात्रभराचा व्हिडिओ-ईईजी आणि एमआरआय. आपल्याकडे मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठीमुळेही फिट येतात, त्या तपासणीत सापडतात.

‘झोपेतल्या फिटने धोका नसतो.’ अपस्मारात अचानक मृत्यू क्वचित होतो, पण जो होतो तो बरेचदा रात्रीच्या मोठ्या फिटनंतर, पालथं झोपलेल्या आणि खोलीत एकट्या असलेल्या माणसाचा. फिट दिसली तर कुशीवर वळवा, वेळ मोजा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा.

आणि शिक्क्याबद्दल. १९९९च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढला आहे. तरीही स्थळाच्या भीतीने मुलीला तज्ज्ञाकडे न नेता, कुणाला तरी लागू पडलेली गोळी मेडिकलमधून गुपचूप आणली जाते. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध मेंदूच्या पुढच्या भागातून उठणाऱ्या त्या झोपेतल्या झटक्यांवर कमी डोसातही चांगलं काम करतं. सकाळी कप उडणाऱ्या मुलीला तेच दिलं तर तिचे हिसके वाढू शकतात. आणि त्या हिसक्यांवर गुणकारी असलेलं व्हॅल्प्रोएट पुढे गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं, म्हणून मुलींसाठी ते निवडताना न्यूरोलॉजिस्ट दहादा विचार करतात.