‘एक चावी कंपनीकडे, मग सेल्फ-कस्टडी कसली?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आधी तातडीचं. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये सीडचे (ज्या २४ शब्दांतून चावी बनते त्यांचे) पहिले चार शब्द स्पष्ट वाचता येतात, तो काढून टाका. उरलेले २० शब्द कुणी ओळखू शकणार नाही, आणि तीनपैकी दोन चाव्या लागत असल्याने एका चावीने पैसे हलतही नाहीत. तरी उघडी पडलेली चावी वापरत राहू नका. नवं वॉलेट करा आणि बिटकॉइन तिकडे हलवा.

आता तक्रार. तीनपैकी दोन चाव्या तुमच्याकडे असल्या तरी एक आमच्याकडे आहे, आणि तुमचे २४ शब्द दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकले तर शिल्लक शून्य दिसली; म्हणजे पैसे आमच्याच ताब्यात, असं तुम्ही लिहिलंय.

सेल्फ-कस्टडी, म्हणजे पैशांचा ताबा तुमच्याच हाती असणं, चाव्या मोजून ठरत नाही. आम्ही एकटे तुमचे पैसे हलवू शकतो का? नाही, दोन सह्या लागतात. आम्ही उद्या गाशा गुंडाळला तर तुम्ही हलवू शकता का? हो, पण एक फाइल जवळ असेल तरच. तुमचं घोडं तिथेच अडलं.

नुसते शब्द टाकले की अ‍ॅप एका सहीचं वॉलेट उभं करतं. त्याचे पत्ते ४२ अक्षरी, तुमचे ६२ अक्षरी, कारण ते तिन्ही पब्लिक की (प्रत्येक चावीचा उघड भाग) मिळून बनलेत. दोन्ही सीड हातात असल्या तरी तिसऱ्या चावीची एक्सपब (जिच्यातून तिच्या सगळ्या पब्लिक की निघतात) नसेल तर ते पत्ते पुन्हा बनवता येत नाहीत. ती फक्त आमच्याकडे राहिली तर तुमची सेल्फ-कस्टडी नावापुरतीच, हे आम्हीही म्हणू.

त्यासाठीच डिस्क्रिप्टर फाइल असते: तिन्ही एक्सपब, डेरिव्हेशन पाथ (सीडमधून चावी काढायचा मार्ग) आणि ‘तीनपैकी दोन’ ही अट. नव्या वॉलेटची फाइल सेटिंग्जमधल्या बॅकअपमधून उतरवून घ्या आणि दोन्ही सीडसोबत एकेक प्रत ठेवा. ती चोरीला गेली तर पैसे जात नाहीत, शिल्लक मात्र दिसते. (आम्हालाही दिसते. खासगीपणाच्या नावाने एक तारा दिला असता तर वाद घातला नसता.) सीड मात्र वेगवेगळ्या जागी हव्यात, दोन्ही एकाच फोनच्या बॅकअपमध्ये असतील तर दोन सह्यांना अर्थ उरत नाही.

मोठी रक्कम टाकण्याआधी ताडून पाहा. फाइल स्पॅरो या दुसऱ्या वॉलेट अ‍ॅपमध्ये इम्पोर्ट करा, पहिला पत्ता आमच्या अ‍ॅपशी अक्षरन् अक्षर जुळवा, मग किरकोळ रक्कम तुमच्याच दोन चाव्यांनी सही करून बाहेर पाठवा. आमचा सर्व्हर लागणार नाही. सीडला पासफ्रेज (शब्दांसोबतचा जादा पासवर्ड) लावली असेल तर हुबेहूब टाका. एक अक्षर चुकलं तरी एरर येत नाही, निराळीच चावी तयार होते आणि सही लागत नाही. तरीही अडलं तर सपोर्टला पीएसबीटी फाइल (सह्या अपुऱ्या असलेला व्यवहार) पाठवा. सीडचे शब्द आम्हालाही नकोत.