सरकारी शिक्का, गुप्त सल्ला आणि राणीची भांग

एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन गटांतून आला. मावसभावाने तर खाली ‘जुनं ते सोनं’ असं लिहून पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

‘राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये औषध कंपन्या नव्हत्या. लोक झाडपाल्याची पेटंट औषधं घ्यायचे, त्यांचे साइड इफेक्ट नसायचे. प्रत्येक डबीवर सरकारी शिक्का असायचा. लाजेचा आजार असेल तर डॉक्टर पत्राने गुप्त सल्ला द्यायचे, या कानाचं त्या कानाला कळायचं नाही. खुद्द राणी पाळीच्या दुखण्यावर भांगेचा अर्क घ्यायची. पुढे डॉक्टरांच्या लॉबीने हे सगळं बंद पाडलं.’

राणीचं आधी उरकून टाकू. जॉन रसेल रेनॉल्ड्स या डॉक्टरांनी १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भांगेच्या औषधी उपयोगांवर लेख लिहिला, हे खरं. ते राजघराण्याच्या सेवेत होते, हेही खरं. या दोन खऱ्यांची मोट बांधून तिसरं खोटं तयार झालं. रेनॉल्ड्स यांची नेमणूक १८७८ ची आणि राणीचा जन्म १८१९ चा. म्हणजे तेव्हा बाई ५९ वर्षांच्या, नऊ मुलांची आई आणि नातवंडांची आजी. कुठली पाळी नि कुठलं दुखणं! राणीने घेतल्याची पक्की नोंद आहे ती क्लोरोफॉर्मची. १८५३ मध्ये राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांनी तो दिला होता. त्याला झाडपाला म्हणता येणार नाही.

आता ‘पेटंट’ आणि ‘सरकारी शिक्का’. सतराव्या-अठराव्या शतकात काही औषधांना राजाची सनद मिळायची, तिला लेटर्स पेटंट म्हणत. नाव तिथून चिकटलं. पण पेटंट घ्यायचं तर औषधात काय आहे ते उघड करावं लागतं, आणि मुदत संपली की कुणीही ते बनवायला मोकळा. कुठला व्यापारी हे पत्करेल? म्हणून व्हिक्टोरियाच्या काळातल्या बहुतेक ‘पेटंट’ औषधांना पेटंट नव्हतंच. नाव आणि वेष्टन मालकाचं, आत काय ते गुपित.

शिक्का मात्र खराखुरा होता, फक्त तो कराचा होता. १७८३ च्या कायद्याने अशा औषधांवर तिकीट लावणं सक्तीचं झालं. एक शिलिंगापर्यंतच्या डबीवर दीड पेनी कर, म्हणूनच जुन्या जाहिरातींत जिथे तिथे ‘एक शिलिंग दीड पेनी’ ही विचित्र किंमत दिसते. आपल्याकडे करार स्टँप पेपरवर केला म्हणून त्यातला मजकूर खरा ठरत नाही, तसाच हा प्रकार. पण गिऱ्हाइकाला सरकारी तिकीट दिसलं की भरवसा वाटायचा, आणि विकणारे तो वाटू द्यायचे. शेवटी त्या तिकिटावरच छापावं लागलं की यात सरकारची कसलीही हमी नाही.

‘औषध कंपन्या नव्हत्या’ हे वाचून मला खरं तर हसू आलं. थॉमस हॉलोवे याने १८३७ पासून मलम आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. १८८३ मध्ये तो वारला त्या सुमारास त्याचा जाहिरातींवरचा खर्च वर्षाला ५०,००० पौंडांच्या घरात होता. औषधाच्या माहितीपत्रकांची भाषांतरं जगभरच्या भाषांत झाली, त्यांत भारतीय भाषाही होत्या. या गोळ्यांच्या पैशातून त्याने मुलींसाठी एक भव्य कॉलेज उभं केलं, १८८६ मध्ये त्याचं उद्घाटन खुद्द राणीने केलं. कॉलेज आजही चालू आहे. गोळ्यांनी कुणाचं काय बरं झालं ते सोडा, इमारत उत्तम आहे.

दुसरा थॉमस बीचम, सेंट हेलेन्स गावचा. ‘एका डबीचं मोल एक गिनी’ ही त्याची जाहिरात घराघरांत पोचली होती. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि प्रतिष्ठित डॉक्टरची रूढ फीसुद्धा तेवढीच. डॉक्टरला गिनी मोजण्यापेक्षा शिलिंगभरात तेवढाच गुण घ्या, असा त्यातला छुपा अर्थ. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये अशा औषधांचं पृथक्करण करून ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढलं. बीचमच्या गोळीत काय सापडलं? काळाबोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग. शिलिंगाचे बारा पेनी, पेनीचे चार फार्दिंग, हिशेब करा: विक्रीची किंमत मालाच्या १०८ पट. सरकारला जाणारा करच मालाच्या १२ पट. जुलाब होण्याचं काम मात्र गोळी चोख करायची, हे मान्य करायला हवं. आणि ‘तेव्हा औषध कंपन्या नव्हत्या’ म्हणणाऱ्यांसाठी: याच बीचमचा वारसा विलीनीकरणांतून जात जात २००० मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीत पोचला. ज्या ‘फार्मा’विरुद्ध हा मजकूर लिहिलाय, तिचा एक पणजोबा हा डबीवालाच आहे.

‘झाडपाल्याचे साइड इफेक्ट नसतात.’ जेम्स मॉरिसन नावाच्या गृहस्थाचा हाच धंदा होता. त्याच्या गोळ्यांवर ‘वनस्पतिजन्य’ असं मोठ्या अक्षरांत असायचं आणि त्या कितीही घेतल्या तरी चालतात, नव्हे, जास्त घ्याव्यात, असा सल्ला असायचा. आत काळाबोळ, कवंडळ आणि गॅम्बोज नावाचा जहाल रेचक चीक. तिन्ही अगदी शुद्ध वनस्पतिजन्य. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या आदल्या वर्षी, १८३६ मध्ये, या गोळ्या खाऊन एक कप्तान मेला आणि त्या देणारा मॉरिसनचा एजंट लंडनच्या कोर्टात सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. धंदा काही थांबला नाही.

अफूही वनस्पतीच. गॉडफ्रेज कॉर्डियल म्हणजे काकवीत कालवलेली अफू. कारखान्यात कामाला जाणाऱ्या आया किंवा त्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाया ती तान्ह्या मुलांना चाटवायच्या. मूल शांत झोपायचं, भूकही विसरायचं आणि झिजत जायचं. काही मुलं उठायचीच नाहीत. यावरून आपण इंग्रजांना नावं ठेवू नयेत. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आयाही ‘बाळागोळी’ देत होत्या, तीही अफूचीच, आणि कारण तेच: बारा-बारा तास पाळी, घरी बघायला कुणी नाही. पटकीवर रामबाण म्हणून गाजलेलं क्लोरोडाइन तर भारतात नोकरी केलेल्या जॉन कॉलिस ब्राऊन या लष्करी डॉक्टरचं. त्यात अफू, क्लोरोफॉर्म आणि गांजा, तिन्ही. १८६८ च्या कायद्याने विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधनं आणली, अफूही त्यात धरली, पण पेटंट औषधांना सूट दिली. म्हणजे केमिस्टने सुटी अफू दिली तर बाटलीवर ‘विष’ लिहायचं आणि तीच गोड सरबतातून विकली तर लिहायची गरज नाही.

आता ‘गुप्त सल्ला’. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण इथे मजकूर नुसता चुकीचा नाही, नेमका उलटा आहे.

तेव्हाच्या वर्तमानपत्रांत ‘अशक्तपणा’, ‘तारुण्यातल्या चुका’, ‘स्त्रियांच्या अडचणी’ अशा आडून बोलणाऱ्या जाहिराती खच्चून भरलेल्या असत. लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, भेटा किंवा लिहा’ वाचत मोठे झालेल्यांना ती भाषा लगेच ओळखू येईल. लंडनमध्ये डॉ. कान यांचं शरीररचनेचं संग्रहालय होतं. आत रोगांनी सडलेल्या अवयवांचे मेणाचे पुतळे. तरुण माणूस आत जायचा कुतूहलाने आणि बाहेर पडायचा घाबरून. मग सल्ला आणि औषध विकायला माणसं तयारच. १८७३ मध्ये अश्लीलतेच्या कायद्याखाली ते पुतळे फोडले गेले. धातू जाण्याची जी भीती आपल्याकडचे वैदू आजही विकतात, तिला युरोपात शास्त्रीय झूल चढवली ती लालमाँ या फ्रेंच शल्यविशारदाने, १८३६ पासून निघालेल्या त्याच्या ग्रंथाने. निरोगी पोरांना रोगी ठरवून मग बरं करायचं, यात अपयश येण्याची शक्यताच नाही.

आणि या कानाचं त्या कानाला? क्राइम्स आडनावाचे तीन भाऊ १८९० च्या दशकात ‘लेडी माँट्रोज’ या नावाने बायकांसाठी टपालाने गोळ्या विकत. अडलेली पाळी मोकळी करणाऱ्या, म्हणजे काय ते घेणारीला बरोबर कळायचं. गर्भपात हा मोठा गुन्हा होता. भावांकडे हजारो बायकांची नावं-पत्ते जमले. मग १८९८ मध्ये त्या सगळ्यांना एका बनावट सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने पत्रं गेली: तुम्ही गुन्हा केल्याचा पुरावा आहे, दोन गिनी पाठवा, नाहीतर अटक. कित्येकींनी मुकाट्याने पैसे पाठवले. भाऊ पकडले गेले आणि त्यांना सक्तमजुरी झाली. पण पत्र हातात पडल्यापासून रोज टपालवाल्याच्या चाहुलीला दचकणाऱ्या त्या बायकांचा विचार करा. गोळी कुचकामी असेल तरी फसवल्याची तक्रार घेऊन त्या कुणाकडे जाणार होत्या? धंद्याचं भांडवलच ते होतं.

अटलांटिकपलीकडे जरा सभ्यपणे चाले. लिडिया पिंकहॅम यांचं स्त्रियांसाठीचं टॉनिक प्रसिद्ध होतं, त्यात सुमारे १८ टक्के अल्कोहोल. ‘मनातलं सगळं मिसेस पिंकहॅमना लिहा, तुमचं पत्र कुठल्याही पुरुषाच्या नजरेस पडणार नाही’ अशी हमी जाहिरातीत असे. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने बाईंच्या थडग्याचा फोटो छापला. त्या १८८३ मध्येच वारल्या होत्या. बावीस वर्षं बायका एका मृत बाईला आपली दुखणी सांगत होत्या आणि पत्रांना उत्तरं कारकून देत होते. इतर कंपन्यांकडे आलेल्या अशा पत्रांचे गठ्ठे दलालांमार्फत सर्रास विकले जायचे, हेही त्याच सुमारास अमेरिकेत उघडकीला आलं.

उरली ‘डॉक्टरांची लॉबी’. डॉक्टर धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांची फी गरिबाला परवडत नव्हती आणि त्यांच्या पोतडीतही पाऱ्याची औषधं होतीच. म्हणून शिलिंगाची डबी घेणारा माणूस मूर्ख होता असं मी म्हणणार नाही. पण डबीवाल्यांना डॉक्टरांनी बंद पाडलं म्हणावं, तर त्यांच्या मागे कोण उभं होतं ते पाहा: तिकिटांचा कर घेणारं सरकार आणि जाहिरातींवर जगणारी वर्तमानपत्रं. काही वर्तमानपत्रांनी तर ‘सीक्रेट रेमेडीज’ची जाहिरातसुद्धा नाकारली. अखेर १९१२ मध्ये ब्रिटिश संसदेने चौकशी समिती नेमली. तिने साक्षी घेतल्या आणि या धंद्यावर कडक अहवाल लिहिला. त्या अहवालाची तारीख ४ ऑगस्ट १९१४. त्याच रात्री ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि अहवाल कपाटात गेला. तिकिटांचा तो जुना कायदा आणखी २७ वर्षं चालू राहिला.