सर्कलमध्ये सायकल नेली म्हणून मामा निम्मे दोषी?

सर्कलमध्ये सायकलवरून जाताना मोटारीची धडक बसून जखमी झालेल्या माझ्या मामांच्या भरपाईच्या दाव्यात मोटारीच्या विमा कंपनीने परवा लेखी कैफियत (दाव्याला दिलेले उत्तर) दाखल केली. ती वाचल्यापासून माझा संताप आवरत नाही. त्या कैफियतीत म्हटले आहे की अर्जदार वर्दळीच्या सर्कलमध्ये रस्त्याच्या डाव्या कडेने सायकल चालवत नव्हता, त्याने हेल्मेट घातलेले नव्हते, सायकलच्या मागे रिफ्लेक्टर नव्हता, सबब अपघातास तो किमान पन्नास टक्के जबाबदार आहे. अपघात सकाळी साडेनऊच्या लख्ख उजेडात झाला. मामांचे डोके शाबूत आहे. मोडले ते उजवे मनगट आणि खांदा. उजेडात रिफ्लेक्टर काय उजळणार होता आणि हेल्मेटने मनगट कसे वाचणार होते, याचे उत्तर त्या कैफियतीत कुठेही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवर बसणाऱ्यांसाठी करते, सायकलस्वारासाठी नाही. हे मला ठाऊक आहे, तर दररोज असे दावे लढवणाऱ्या वकिलांना ते ठाऊक नसेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

डाव्या कडेचा मुद्दा तर सर्वांत चीड आणणारा आहे. नाशिकमध्ये ज्याने एकदा तरी एबीबी सर्कल, मायको सर्कल किंवा द्वारका सायकलने ओलांडले आहे, त्याला तिथे काय होते हे सांगावे लागत नाही. सरळ पुढच्या रस्त्याला जायचे असेल आणि सायकलस्वार अगदी डाव्या कडेने फिरत राहिला, तर बाहेर पडणारी प्रत्येक मोटार त्याच्या पुढ्यातून डावीकडे वळते आणि तो तिच्या दरवाजावर आदळतो. ते टाळण्यासाठी तो थोडा आत सरकला, तर सर्कलमध्ये शिरणारा चालक ब्रेकला पाय न लावता त्याच्यावर येतो. मामांच्या बाबतीत हे दुसरे घडले. ते सर्कलमध्ये आधीच होते आणि मोटार डावीकडच्या रस्त्याने नंतर आत आली. कडेला राहिले असते, तर बाहेर जाणाऱ्या मोटारीच्या आड आल्याचा ठपका आला असता. आत राहिले, म्हणून कडेला न राहिल्याचा ठपका आला. सायकलस्वाराने सर्कलमध्ये कुठे असावे म्हणजे विमा कंपनीचे समाधान होईल, हे कोणीतरी एकदा लेखी द्यावे.

आणि नियम काय सांगतो? २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या वाहतुकीला पहिला अधिकार आहे आणि आत येणाऱ्याने थांबायचे आहे. त्याआधीच्या १९८९ च्या विनियमांतही चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी असेच होते, आणि आपल्याकडे सर्कलमधली वाहतूक आत शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते. म्हणजे गेली पस्तीस-चाळीस वर्षे या देशात नियम एकच आहे. तरीही त्या चालकाने पोलिसांना दिलेल्या जबाबात ‘सायकलवाला अचानक समोर आला’ असे म्हटले आणि तो जबाब आहे तसा उतरवून घेतला गेला. सर्कलमध्ये फिरत असलेला माणूस अचानक येत नाही. अचानक येतो तो बाहेरून आत घुसणारा.

पंचनाम्याबद्दल लिहायला बसलो की माझा हात थरथरतो. तो दुसऱ्या दिवशी झाला. तोवर लोकांनी सायकल उचलून झाडाला टेकवून ठेवली होती, रस्त्यावरच्या काचा झाडून टाकल्या होत्या, आणि सर्कलवर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागलेला होता, ज्याच्यामुळे आत येणाऱ्याला उजवीकडचे काहीही दिसत नव्हते, त्या फलकाचा पंचनाम्यात उल्लेखही नाही. नकाशात सर्कल एक गोल काढून दाखवले आहे. मोटार कोणत्या रस्त्याने आत आली आणि धडक नेमकी कुठे बसली, याच्या खुणा नाहीत. तोच नकाशा आता विमा कंपनी पुरावा म्हणून पुढे करते आहे.

त्या दिवसाचे आणखी एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. या चालकाने खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून मामांच्या छातीवर ठेवले आणि कामाला उशीर होतो म्हणून तो निघून गेला. मामांना दवाखान्यात नेले ते एका रिक्षावाल्याने, आणि तो सारा वेळ विचारत होता की आपल्याला पोलीस ठाण्यात तर बसवून ठेवणार नाहीत ना. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ २०१९ च्या दुरुस्तीने आले, पण ते त्या भल्या माणसापर्यंत कोणी पोहोचवले नव्हते. अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचाराची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे. दवाखान्याच्या खिडकीवर मात्र आम्हाला ‘आधी अनामत भरा’ एवढेच सांगण्यात आले. मामींनी पाटल्या गहाण ठेवल्या.

आता भरपाईचा हिशोब. मामा बावन्न वर्षांचे आहेत आणि आयुष्यभर प्लंबरचे काम करत आले आहेत. महिन्याला सरासरी पंचवीस हजार मिळवत होते, परंतु पावतीपुस्तक ठेवणारा प्लंबर मी तरी पाहिलेला नाही. विमा कंपनी म्हणते, उत्पन्नाचा पुरावा नाही, म्हणून बारा हजार धरा. अपंगत्वाच्या दाखल्यावर अठरा टक्के लिहिले आहे, म्हणून उत्पन्नाचे नुकसानही अठरा टक्केच धरा. एक्कावन्न ते पंचावन्न वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा) अकरा आहे. बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले अकरा म्हणजे १५ लाख ८४ हजार. त्याचे अठरा टक्के २ लाख ८५ हजार १२०. आणि त्यातून ‘निम्मी जबाबदारी’ वजा केली की उरतात १ लाख ४२ हजार ५६०. लोकअदालतीत ठेवलेला तडजोडीचा प्रस्ताव दीड लाखाचा होता, तो कुठून आला हे यावरून कळते. पुढची सारी वर्षे ज्या हाताने पान्हा धरायचा, त्या हाताची ही किंमत!

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात नेमके हेच समजावून सांगितले आहे की दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या माणसाचे शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास ठरू शकते, पण तो चालक किंवा सुतार असेल तर त्याचे कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के असते, हे त्या निकालातलेच उदाहरण आहे. सुताराला जे लागू, ते प्लंबरला का लागू नाही? मामांना आज नळाची साधी चकतीसुद्धा आवळता येत नाही. पंचवीस हजार उत्पन्न आणि साठ टक्के नुकसान धरले, तर त्याच गुणकाने १९ लाख ८० हजार होतात, आणि यात त्याच न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालातले (२०१७) भावी उत्पन्नवाढीचे दहा टक्के मी धरलेले नाहीत. वीस लाखांचे दीड लाख करण्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागले नाही. उत्पन्न कमी धरले, अपंगत्व कमी धरले, दोष वाढवला, एवढे पुरले. त्यात दोष वाढवणे सर्वांत स्वस्त पडते, कारण सायकलला नोंदणी क्रमांक नाही, विमा नाही, तिच्या बाजूने कैफियत लिहिणारी दुसरी कंपनी नाही.

हे कोणी वाचत असेल आणि त्याच्या घरी असाच अपघात झाला असेल, तर भरपाईचा दावा दाखल करण्याची सहा महिन्यांची मुदत विसरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने ती आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. मनगटात सळ्या असलेल्या माणसाने फिजिओथेरपी करायची की कागद गोळा करायचे? आमच्या शेजारच्या आजोबांना धडक देणारी गाडी पळून गेली, तिचा क्रमांक कोणी टिपला नाही, आणि गंभीर दुखापतीसाठी कलम १६१ खालची पन्नास हजारांची रक्कम मिळू शकते हे त्या घराला फार उशिरा कळले. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

नातेवाईकांचेही मला नवल वाटते. ‘या वयात सायकल कशाला’, ‘जाऊ द्या, दीड लाख घ्या आणि मोकळे व्हा’ असे सांगणारे आमच्याच घरात आहेत. मामा सायकल चालवत होते कारण त्यांचे गिऱ्हाईक सिडकोपासून सातपूरपर्यंत पसरलेले होते आणि पाइपाचे तुकडे सायकलच्या दांडीला बांधता येत होते. तो त्यांचा हक्काचा रस्ता होता.

अंशदायी निष्काळजीपणा (अपघातात जखमीचाही काही दोष) असल्याचे जो म्हणतो, त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. मोहम्मद सिद्दिक प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून दोष मानला नाही. त्या चुकीमुळेच अपघात घडला किंवा दुखापत वाढली हे दाखवावे लागेल, असे स्पष्ट सांगितले. मग हेल्मेट आणि रिफ्लेक्टर यांचा मामांच्या मनगटाशी संबंध विमा कंपनीने दाखवावा. तिने अजून चालकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणलेलेच नाही आणि आणण्याची तयारीही दिसत नाही. आमच्या वकिलीणबाईंना मी सांगितले आहे की तडजोडीच्या पुरसिसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) मामा सही करणार नाहीत. त्या चालकाला समन्स काढण्याचा अर्ज पुढच्या तारखेला द्यायचा आहे, आणि तो हजर झाला तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा आहे की सर्कलमध्ये आधी कोण होते.